दोन हजारांच्या आतला ग्राइंडर

दुकानदाराने तिसऱ्यांदा बजावलं, की खोकं फोडलं तर वस्तू घ्यावीच लागेल. ज्योतीरामनेही तिसऱ्यांदा सांगितलं, की आत काय आहे ते बघितल्याशिवाय आपण वांगंसुद्धा घेत नाही. रविवारची सकाळ, भोसरीतलं भांड्यांचं दुकान, मागे कुकरची शिट्टी बदलायला आलेल्या बायकांची रांग, आणि हा पंचावन्न वर्षांचा माणूस कॉफी दळायची तीन यंत्रं काउंटरवर मांडून असा उभा, जणू त्यातलं एक त्याला जावई म्हणून पसंत करायचं होतं.

पहिलं विजेवरचं, नऊशेचं. झाकण काढलं तर तळाशी पंख्यासारखं एक पातं. सगळे हेच नेतात, असं दुकानदार म्हणाला. ज्योतीरामने शेजारच्या गाडीवरून मूठभर फुटाणे आणले, आत टाकले, दहा सेकंद फिरवले आणि वर्तमानपत्रावर ओतून बोटाने पसरले. निम्मं पीठ, आणि मधूनच अर्धे-अर्धे दाणे.

"हे दळत न्हाई, नुसतं तोडतं," तो म्हणाला. "एकाच गरम पाण्यात पिठाचा कडू काढा होणार आन् तुकडे कच्चेच राहणार. चव यायची कुठून?"

दुसरं हाताने फिरवायचं, बाराशेचं, चिनी मातीच्या दात्यांचं. त्याचा दांडा प्लॅस्टिकच्या भोकात बसवलेला होता आणि बोटाने ढकलला की हलत होता. दांडा हलला की दात्यांमधली फट हलते, फट हलली की भुकटी एकसारखी पडत नाही, हे कळायला ज्योतीरामला माहितीपत्रक वाचायची गरज नव्हती. तिसरं स्टीलचं, साडेअठराशेचं. मध्ये दातेरी शंकू, भोवती दातेरी कडं, जातंच म्हणा ना छोटं, आणि दांडा वर-खाली दोन बेअरिंगांत घट्ट धरलेला. खालची चकती फिरवली की टकटक करत फट कमी-जास्त होत होती. त्याने डोळे मिटून दांडा दहा-बारा वेळा फिरवला, दुसऱ्या हाताचं बोट कडेला लावून कुठे थरथर जाणवते का ते पाहिलं, आणि म्हणाला, हेच द्या.

मोशीला परत येताना बसमध्ये त्याला स्वतःचाच असा संताप आला, की शेजारी बसलेला माणूस थोडा सरकला. कारण घरातून निघताना त्याने ठरवलं होतं, बाजारातलं सगळ्यांत रद्दी यंत्र घ्यायचं. आणि हा शहाणा अर्धा तास घालवून सगळ्यांत चांगलं घेऊन आला होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

कॉफी त्याची नव्हतीच. औशाकडचा माणूस, जन्मभर चहावर जगलेला. चाकणच्या एका कंपनीत तो सव्वीस वर्षं टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर होता. लोखंडाचा ठोकळा फिरत्या दगडाखाली धरायचा आणि इतका सपाट करायचा की दोन मायक्रॉनचासुद्धा फरक राहू नये. म्हणजे डोक्यावरच्या एका केसाचे उभे पस्तीस काप केले, तर त्यातल्या एका कापाएवढा. या सव्वीस वर्षांत त्याचा माल तपासणीत परत आला तो चार वेळा, आणि चारही तारखा त्याला पाठ होत्या. कंपनीतली बाकीची माणसं पगारवाढीच्या तारखा पाठ ठेवतात.

दिवाळीनंतर टूलरूममध्ये कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं. मग एचआरच्या विजयश्री मॅडमनी ज्योतीरामला बोलावलं आणि गोड हसून स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. त्याने तो तितक्याच गोडीने परत केला. तीन वर्षं राहिली होती आणि धाकट्या दीक्षाचं कॉलेज चालू होतं. पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला: उद्यापासून ॲडमिन विभागात हजर व्हावे. ॲडमिन विभाग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची पॅन्ट्री, आणि तिथलं काम म्हणजे साहेब लोकांना चहा-कॉफी देणं. हाकलायचं नाही, पण माणूस आपणहून निघून जाईल अशी सोय करायची. सुंठीवाचून खोकला गेला तर कोणाला नको असतो?

नवे प्लांट हेड दक्षिणेकडून आलेले. त्यांना डब्यातली पावडर चालत नसे. भाजलेल्या बिया ते स्वतः आणत आणि त्या ताज्या दळून हव्या असत. पॅन्ट्रीतल्या मिक्सरला चटणीचा वास, म्हणून ग्राइंडर हवा. मॅडम सगळ्या ऑफिससमोर म्हणाल्या, "दोन हजारांच्या आत बघा, घरगुती चालेल. तुम्ही तर ग्राइंडिंगमधलेच आहात ना?" आजूबाजूची मुलं हसली. ज्योतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली.

घरी त्याची बायको शकूने भाकरी थापता-थापता उपाय सांगितला. "अशी कापी पाजा त्या साहेबाला, की दुसऱ्यांदा मागायचा न्हाई. मग धाडतील मागारी मशीनवर." ज्योतीरामला ते पटलं. पटलं होतं, म्हणून तर तो रद्दी यंत्र घ्यायला गेला होता.

सोमवारी सकाळी सातच्या बसने तो कंपनीत पोहोचला आणि पॅन्ट्रीत न जाता आधी टूलरूममध्ये गेला. नव्या यंत्राच्या दात्यांवर तेलाचा पातळ हात होता. गंज चढू नये म्हणून कारखान्यातून निघताना देतातच तसा. आता टूलरूममधल्या माणसाला विचारा, नवीन हत्यार आलं की पहिल्यांदा काय करायचं? रॉकेलने धुवायचं. काम पकडायचा शेगडा असो, लेथचा चक असो, मापाचं गेज असो, सव्वीस वर्षं त्याने प्रत्येक नव्या वस्तूची पहिली आंघोळ रॉकेलच्या ट्रेमध्येच घातली होती. हात आपोआप चालले. त्याने ग्राइंडर सुटा केला, एकेक भाग धुतला, हवेच्या नळीने वाळवला, कोऱ्या फडक्याने तीनदा पुसला. मग नाकाला लावून पाहिला. काही नाही, स्वच्छ.

शेजारच्या लेथवर लक्ष्मणराव होता. चाकणजवळच्या गावातला, जमीन कंपन्यांत गेली तेव्हापासून कंपनीत लागलेला, वीस-बावीस वर्षांचा सोबती. तो म्हणाला, साहेबाच्या कापीच्या यंत्राची बडदास्त बघा राव, आमच्या पोराच्या लग्नात नवरदेवाला एवढा घासला नव्हता. ज्योतीरामलाही हसू आलं. पॅन्ट्रीत बदली झाल्यापासूनचं ते पहिलंच.

आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे आले. एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीतले तिघे, माल तपासायला. प्लांट हेडनी आपल्या खास बियांची कॉफी मागवली. ज्योतीरामने त्याआधी चार वेळा दळून, चार वेळा चकती टकटक फिरवून, भुकटी काळ्या कागदावर पसरून बघितली होती. रव्याहून जरा बारीक, सगळे कण सारखे. खराब कॉफी पाजायची हे तो केव्हाच विसरला होता. चार कप भरून त्याने ट्रे आत पाठवला.

पाच मिनिटांत ट्रे परत आला. एका पाहुण्याने घोट तोंडात घेतला आणि पुन्हा कपात थुंकला होता. दुसऱ्याने कप नाकाशी नेऊन तसाच खाली ठेवला होता. प्लांट हेड दारात आले, चेहरा लालबुंद, आणि सगळ्यांसमोर इंग्रजीतून जे बोलायचं ते बोलले. कॉफीत रॉकेल घातलंय, एवढं ज्योतीरामला कळलं.

त्याने कप हुंगला. काही नाही. ग्राइंडर हुंगला. काही नाही. मग त्याच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला: हा डाव आहे. हे सगळे मिळालेत. माणूस निघत नाही ना, मग आरोप ठेवून काढा. त्याने ग्राइंडर पॅन्ट्रीच्या ओट्यावर आपटला, पण तेवढ्यातही हात असा आवरता घेतला, की दांड्याला धक्का लागू नये.

पॅन्ट्री झाडायला जाईबाई होत्या, कामगारांत सगळ्यांत जुन्या. त्या पदर नाकाला लावून चार हात लांब उभ्या राहिल्या. ज्योतीराम त्यांच्यावरच ओरडला, तुम्ही पण त्यांच्यातल्याच का म्हणून.

"आवो, मी कशाला कुणातली असंल," जाईबाई म्हणाल्या. "घासलेट हाय की त्यात. हितवर येतोय वास."

जाईबाई खोटं बोलायच्या नाहीत. सगळी कंपनी खोटं बोलली असती, तरी त्या बोलल्या नसत्या. ज्योतीराम ग्राइंडर हातात घेऊन तसाच जिना उतरला.

खाली मात्र बातमी त्याच्या आधी पोहोचली होती. टूलरूममध्ये पाऊल टाकताच टाळ्या वाजल्या. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी व्हिडिओ काढू लागलं. साहेबाला रॉकेल पाजणारा पहिला मर्द, असं लक्ष्मणराव सगळ्या मशिनांच्या आवाजावरून ओरडून सांगत होता. जन्मभर या माणसांनी ज्योतीरामच्या कामाला नावाजलं नव्हतं. सपाट ठोकळ्यासाठी कोण टाळ्या वाजवतं? आणि आज वाजवत होते त्या घाणेरड्या कामासाठी, जे त्याने केलंच नव्हतं. त्याला प्लांट हेडचा आला नव्हता एवढा राग या टाळ्यांचा आला.

त्याने ग्राइंडर लक्ष्मणरावच्या नाकासमोर धरला. "हुंग."

लक्ष्मणरावने हसत-हसत हुंगला.

"कशाचा वास येतो?"

"कशाचा यायचा? कशाचाच न्हाई."

"जाईबाईला दाराबाहेरनं रॉकेल येतंय त्यात."

लक्ष्मणरावने पुन्हा हुंगला, या वेळी डोळे मिटून. मग बाजूच्या ट्रेमधल्या रॉकेलवर वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. सरळ झाला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. "आयला," तो हळूच म्हणाला, "मला बी न्हाई येत." टाळ्या वाजवणाऱ्यांतले दोघे-तिघे ट्रेकडे सरकले आणि नंतर कोणी कोणाकडे बघितलं नाही.

दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये ज्योतीरामपुढे कागद आला. मॅडम या वेळी हसत नव्हत्या. खाण्यापिण्यात रॉकेल घालणं हा गुन्हा आहे, हे त्यांनी आधी समजावून सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मुद्दाम केलं असं लिहून द्या, सोबत राजीनामा द्या. पोलिसांपर्यंत मी जाऊ देणार नाही."

"मुद्दाम केलं न्हाई."

"ज्योतीराम, तुम्ही मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस. तुम्हाला रॉकेलचा वास आला नाही, हे कोण मानेल?"

"न्हाई आला," ज्योतीराम म्हणाला. आवाज इतका चढला की काचेबाहेरच्या माना वळल्या. "मला वासच येत न्हाई, मॅडम. आज कळालं. सव्वीस वर्षं त्या बंद खोलीत रॉकेलच्या ट्रेवर तोंड धरून उभा हाय. पंखा मागितला तर तुमी म्हणलात, धूळ उडंल, मशीन खराब हुईल."

दरवर्षी तुमची वैद्यकीय तपासणी होते, मॅडम म्हणाल्या, आणि प्रत्येक वर्षी सगळं नॉर्मल आहे, तुमच्याच सहीने.

"त्यात डोळे बघतात, बीपी बघतात, बोटं मोजतात. नाकाला कुणी विचारलं न्हाई."

मॅडम काही दुष्ट बाई नव्हत्या. पण हुशार होत्या, आणि असलं वाक्य एकदा चौकशीच्या कागदावर गेलं की ते कुठवर जाईल, हे त्यांना ज्योतीरामपेक्षा आधी कळलं. त्यांनी पहिला कागद मागे घेतला. राजीनामा नको, पोलीस नको. निष्काळजीपणामुळे चूक झाली, एवढी एक ओळ द्या, वॉर्निंगवर मिटवू. वासाबिसाचं काही लिहू नका. उद्यापासून पॅन्ट्रीतही नको, स्टोअरला देते तुम्हाला.

आता सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? तीन वर्षं सुखाने निघाली असती. ज्योतीरामनेही पेन उचललं. पण 'निष्काळजीपणा' या शब्दापाशी त्याचा हात अडला. तीनदा पुसलं होतं त्याने. कोऱ्या फडक्याने, दाता-दातातून. आयुष्यात त्याने निष्काळजीपणा सोडून सगळं केलं असेल. त्याने ती ओळ खोडली आणि खाली आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: यंत्र मी रॉकेलने धुतले, ही माझी चूक. मुद्दाम केले नाही. निष्काळजीपणाही केला नाही. टूलरूममध्ये सव्वीस वर्षे काम करून माझे नाक गेले आहे, म्हणून वास कळला नाही. कंपनीने डॉक्टरकडून खात्री करावी.

सही करून तो खाली आला तर जिन्यापाशी लक्ष्मणराव उभा होता. त्याने विचारलं, माझं नाव न्हाई ना लिव्हलं? ज्योतीरामने मान हलवली. "नको लिवू, भावा," लक्ष्मणराव म्हणाला, "आमी काय बोलायच्या परिस्थितीत न्हाई." ज्योतीरामला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. त्याने दोन्ही केलं नाही.

संध्याकाळपर्यंत पत्र आलं: चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. टूलरूममध्ये राहिलेला ग्राइंडर कोणीतरी कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. ज्योतीरामने तो उचलला आणि गेटपास मागितला, कारण गेटमधून खिळासुद्धा पासशिवाय बाहेर जात नाही. पासवर कारकुनाने लिहिलं, भंगार, नग एक. अशी घट्ट बेअरिंगं, एवढी नेमकी फट, आणि भंगार. ज्योतीरामला त्या शब्दाचाही राग आला, पण सही केल्याशिवाय फाटक उघडत नव्हतं.

घरी शकूने शिरा केला होता. लक्ष्मणरावच्या बायकोने फोनवर सगळं सांगितलं होतं. शकू अशी हसत होती, जणू नवरा निवडणूक जिंकून आला. "आयकलं म्हणायचं माझं," ती म्हणाली, "खरंच पाजलं की."

तेव्हा ज्योतीरामचा जो बांध फुटला, तो शेजारच्या तीन खोल्यांनी ऐकला. तिच्यावर ओरडला, कंपनीवर ओरडला, मेलेल्या बापावर ओरडला, ज्याने त्याला गावाकडून इथे धाडलं. तुझ्याबरोबर तीस वर्षं काढली, तो म्हणाला, आणि तुलासुद्धा वाटलं मी हाताने वाईट काम करीन? त्याचं ओरडणं संपल्यावर त्याने नाकाचं सांगितलं. तेव्हा शकू हळूच म्हणाली, "मागल्या साली गॅस चालू राहिला हुता. मी बाहेरनं आले तर घरभर वास. तुमी तिथंच पेपर वाचत बसला हुता." शिऱ्याचं पातेलं तिने झाकून ठेवलं. त्या दिवशी तो कोणी खाल्ला नाही.

नंतरचे चार दिवस ज्योतीराम ग्राइंडरच्या मागे लागला. काम नाही, चौकशीची तारीख नाही, डॉक्टरचं पत्र नाही. दीक्षाने मोबाइलवर शोधून सांगितलं तसं त्याने साबणाच्या गरम पाण्यात प्रत्येक भाग पाच-पाच वेळा धुतला, गच्चीवर उन्हात ठेवला, रॉकेल मुरलेली बेअरिंगं काढून नवी बसवली, मूठ-मूठ तांदूळ दळून फेकून दिले. ऊन उतरलं की खाली आणायचा, सकाळी पुन्हा वर न्यायचा. शेजारच्या बाईने शकूला विचारलं, हे काय बाळंतपण चाललंय तुमच्याकडं?

रविवारी दीक्षाने कॉफीच्या बियांचं छोटं पाकीट आणलं. ज्योतीराम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला, ग्राइंडर गुडघ्यांत धरला आणि दांडा फिरवू लागला. हाताला दाणा फुटताना कळत होता, मग भरडताना, मग मोकळा होताना. शेवटी दांडा हलका फिरू लागला तेव्हा थांबायचं हेही कळलं. शकूने पहिल्यांदाच असली कॉफी केली, पंच्याचं फडकं बांधून गाळली. तिघांनी घेतली. दीक्षा मस्त म्हणाली. शकूने तोंड वाकडं केलं, पण कप पुरा केला. ज्योतीरामला कडू आणि गरम, एवढंच लागलं.

मग त्याने ग्राइंडर सुटा केला, भुकटी झटकली, कोऱ्या फडक्याने तीनदा पुसला. पुसून झाल्यावर सवयीने नाकाशी नेऊ लागला आणि मधेच थांबला. तसाच हात लांब करून त्याने तो शकूपुढे धरला.

"बघ गं," तो म्हणाला. "काय राहिलंय का?"

शकूने ओले हात लुगड्याला पुसले. कडं वेगळं हुंगलं, शंकू वेगळा हुंगला, दांड्याच्या भोकाशी नाक नेऊन थांबली. ही काही साधी गोष्ट नाही हे तिला कळत होतं, म्हणून तिने घाई केली नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "नुसती कापी हाय."

ज्योतीरामने मान हलवली, आणि एकेक भाग पुन्हा जागच्या जागी बसवायला घेतला.